फोन टॅप होणं वेगळं, फोनमध्ये कुणी शिरणं वेगळं

विधानसभेत कुणी पाळत ठेवल्याचा आरोप करतो, पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरची बातमी पुन्हा वर येते किंवा ओळखीच्या कुणाचं बँक खातं एका रात्रीत रिकामं होतं. तिन्ही वेळा आपण एकच बोलतो: फोन टॅप झाला होता. यातला पहिला प्रकार बहुधा खरंच टॅपिंगचा असतो. उरलेले दोन त्याहून फार वेगळे आणि माझ्या मते फार जास्त गंभीर आहेत. या दोन गोष्टी एकाच नावाखाली राहिल्या तर आपण चुकीच्या ठिकाणी घाबरतो, चुकीचे उपाय करतो आणि सरकारला विचारायचा प्रश्नही चुकवतो.

टॅपिंग तुमच्या हातातल्या फोनवर होतच नाही. तुमचा आवाज फोनमधून टॉवरवर आणि तिथून मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत जातो. परवान्याच्या अटींनुसार प्रत्येक कंपनीला तिथे पाळतीची सोय करून ठेवावी लागते. सरकारी आदेश आला की त्या क्रमांकाच्या बोलण्याची एक प्रत तपास यंत्रणेकडे वळते. म्हणूनच फोनमध्ये खरखर ऐकू येणं, बॅटरी लवकर उतरणं किंवा फोन तापणं ही टॅपिंगची लक्षणं नव्हेत. स्टार-हॅश-21-हॅश दाबून ‘टॅप तपासा’ असे संदेश अधूनमधून गटांवर फिरतात. तो कोड फक्त तुमचे कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवलेले आहेत का, एवढंच सांगतो. कंपनीच्या पातळीवर झालेलं टॅपिंग हँडसेटमध्ये शोधता येत नाही, कारण तिथे त्याचा काही मागमूसच नसतो.

टॅपिंगमध्ये साधे कॉल आणि एसएमएस मिळतात. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलवरचा मजकूर मिळत नाही, कारण तो तुमच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि थेट समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो. वाटेत उभ्या असलेल्याला काहीतरी गेलं एवढंच कळतं. (कुणी कुणाला कधी फोन केला याची यादी, म्हणजे सीडीआर, ही आणखी तिसरी गोष्ट. तिच्यात बोलणं नसतं. ती बेकायदा विकणारी टोळी ठाणे पोलिसांनी 2018 मध्ये पकडली होती.)

आता कायदा. टॅपिंगचा अधिकार आला तो 1885 च्या तार कायद्यातून. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल तरच, असं त्याच्या कलम 5(2) मध्ये म्हटलं होतं. पण आदेश कुणी काढायचा, किती दिवसांसाठी काढायचा आणि त्याची तपासणी कुणी करायची, याचे नियम स्वतंत्र भारताच्या सरकारांनी कित्येक दशकं केलेच नाहीत. 1988 मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना फोन टॅपिंगच्या आरोपांवरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, तेव्हाही असे नियम नव्हते. शेवटी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये ते घालून दिले. आदेश गृहसचिवाचाच हवा, तो दोन महिन्यांपुरता असेल, कितीही वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे जाणार नाही आणि एक समिती त्या आदेशांचा आढावा घेईल. याच धर्तीवर पुढे नियम झाले. 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या नियमांचा सांगाडाही साधारण तोच आहे.

या सांगाड्यात न्यायाधीश कुठेच नाही. मागणारेही सरकारी, देणारेही सरकारी आणि आढावा घेणारेही सरकारीच. एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं, असं माहितीच्या अधिकारातल्या एका उत्तरातून बाहेर आलं होतं. म्हणजे दिवसाला अडीचशे-तीनशे. खासगी माहितीच्या संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या आपल्या अहवालात लिहिलं, की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आढावा समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश येतात. इतके आदेश कुणी वाचत असेल यावर विश्वास ठेवणं शक्य नाही.

तरीही टॅपिंगच्या मागे कागद असतो, आणि हा कागद फार मोलाचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये दिलेला एक निकाल पाहा. एका व्यावसायिकाने बँक अधिकाऱ्याला दहा लाखांची लाच दिल्याचा आरोप होता आणि त्याचा फोन 2009-10 मध्ये तीन आदेश काढून टॅप केला होता. लाचेच्या या प्रकरणात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे, असा प्रश्न आला. न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द ठरवले आणि टेप केलेलं संभाषण नष्ट करायला सांगितलं. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या प्रकरणात राजकीय नेत्यांचे क्रमांक खोट्या नावांनी टॅपिंगच्या यादीत घातल्याचा आरोप झाला. नाना पटोले यांचा क्रमांक ‘अमजद खान’ या नावाने दाखवल्याचं सांगितलं गेलं. त्यावरून 2022 मध्ये पुण्यात आणि मुंबईत गुन्हे नोंदले गेले, आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या आरोपांचं खरंखोटं मी इथे ठरवत नाही. पण प्रस्तावावर कुठलं नाव घातलं होतं, सही कुणाची होती, असे प्रश्न विचारता आले ते प्रस्ताव नावाचा कागद होता म्हणून.

हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे स्पायवेअरचं, काम मोबाइल कंपनीत चालत नाही. ते तुमच्या फोनच्या आत येऊन राहतं. टॅप करणारा पोस्टात बसून पत्र उघडून वाचतो. स्पायवेअरवाला घरात शिरून कपाटाच्या किल्ल्या ताब्यात घेतो. व्हॉट्सअ‍ॅपचं कुलूप इथे उपयोगाचं नाही, कारण मजकूर तुमच्या डोळ्यांसमोर उघडतो तेव्हाच तो त्यालाही दिसतो. त्याशिवाय फोटो, ठिकाण, पासवर्ड, दहा वर्षांपूर्वीच्या मेल, आणि हवं तेव्हा सुरू करता येणारा माइक व कॅमेरा. टॅपिंगमध्ये तुम्ही फोनवर बोललात तर ऐकलं जातं. स्पायवेअर असेल तर फोन टेबलावर ठेवून नवरा-बायकोने आपसात केलेलं बोलणंही जातं. दोन महिन्यांच्या आदेशाला काही अर्थ राहत नाही, कारण पहिल्याच दिवशी त्याला तुमची मागची सगळी वर्षं मिळालेली असतात.

इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगॅसस हे यातलं सर्वांत गाजलेलं. आपण ते फक्त सरकारांना विकतो, असं ही कंपनी सांगते. 2019 मध्ये ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधून शिरत होतं आणि कॉल उचलायचीही गरज नव्हती. दोन आठवड्यांत जगभरातल्या सुमारे 1400 जणांच्या फोनवर हा हल्ला झाला, असं सांगत व्हॉट्सअ‍ॅपने त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत दावा लावला. लक्ष्य झालेल्या भारतीयांमध्ये पत्रकार होते, कार्यकर्ते होते आणि नागपुरात मानवी हक्कांचे खटले लढणारे एक वकीलही होते. 2021 मध्ये सापडलेला प्रकार आयफोनवरच्या आयमेसेज या संदेशसेवेतून यायचा. फाइल दिसायला जीआयएफ, आतून पीडीएफ. ती आली एवढंच पुरे, उघडायची गरज नाही. ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. अमेरिकेतल्या ज्यूरीने मे 2025 मध्ये एनएसओला सुमारे 16.8 कोटी डॉलर भरायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती रक्कम बरीच कमी केली, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या वापरकर्त्यांवर पुन्हा हल्ला करायला कायमची मनाई केली.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र वेगळ्याच गोष्टीची वाटते. टॅपिंग करणारा फक्त ऐकतो, तुमच्या तोंडी नवं वाक्य घालू शकत नाही. जो तुमच्या यंत्राच्या आत बसला आहे तो तिथे लिहूही शकतो.

भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात याचीच चर्चा झाली. त्यातले एक आरोपी रोना विल्सन यांच्या दिल्लीतल्या घरातून पुणे पोलिसांनी एप्रिल 2018 मध्ये लॅपटॉप जप्त केला आणि त्यात सापडलेली पत्रं खटल्यातला महत्त्वाचा पुरावा ठरली. बचाव पक्षाने लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडे पाठवली. फेब्रुवारी 2021 मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार जून 2016 मध्ये मेलमधल्या एका फाइलवाटे नेटवायर नावाचं स्पायवेअर त्या लॅपटॉपमध्ये शिरलं, जवळपास बावीस महिने तिथे राहिलं आणि हल्लेखोराने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ती पत्रं आणून ठेवली. लॅपटॉपवर ती कधी उघडली गेल्याचा पुरावा आर्सेनलला मिळाला नाही. खटला चालवणाऱ्या राष्ट्रीय तपास यंत्रणेला (एनआयए) हा अहवाल मान्य नाही, आणि खटल्याच्या सुनावणीत त्याची कसोटी अजून लागलेली नाही. विल्सन यांना जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो साडेसहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढूनही खटला उभा न राहिल्यामुळे. पत्रं खरी की पेरलेली, हे न्यायालय ठरवेल. पण हा प्रश्न विचारावा लागतो, इथेच स्पायवेअर टॅपिंगपासून पार वेगळं होतं. बाहेरून कुणाला लिहिता येईल अशा यंत्रातला पुरावा आरोपीच्या विरोधात जसा वापरता येणार नाही, तसा खऱ्या गुन्हेगारालाही त्यातून सुटायची वाट मिळेल.

आणि इथे कागद नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 मध्ये संदेश अडवणं, त्यांच्यावर नजर ठेवणं आणि त्यांची उकल करणं याचा अधिकार सरकारला आहे. पण कुणाच्या फोनमध्ये गुपचूप सॉफ्टवेअर घालायची परवानगी त्यात स्पष्ट शब्दांत कुठेच नाही, उलट याच कायद्याची 43 आणि 66 ही कलमं परवानगीविना यंत्रात शिरण्याला गुन्हा ठरवतात. पेगॅसस घेतलं की नाही, याचं हो किंवा नाही असं उत्तर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयातही दिलं नाही. न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तिने 29 फोन तपासले, पाचांमध्ये कसलंतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने कळवलं. देशाच्या सुरक्षेसाठी अशी साधनं लागतात, हा युक्तिवाद मला समजतो. मग ती कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या सहीने आणि किती दिवसांसाठी वापरायची, हे लिहून काढायला अडचण काय? टॅपिंगसाठी जे 1996 मध्ये लिहिलं गेलं, तेवढंही इथे नाही. माझ्या मते इथे गृहसचिवाची सही पुरेशी नाहीच, आधी न्यायाधीशाची परवानगी हवी.

हे सगळं मोठ्या लोकांपुरतं आहे असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती, जिच्या नावाच्या शेवटी एपीके (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) असतं, तेही स्पायवेअरच. ते तुमचे एसएमएस वाचून ओटीपी चोराकडे पाठवतं. शेवटी एपीके दिसलं तर ती फाइल उघडू नका. उघडलीच असेल तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवा. पेगॅससच्या पातळीच्या हल्ल्यापुढे आपल्या हातात फार काही नाही. तरी फोनचं सॉफ्टवेअर वेळेवर अपडेट करणं आणि रोज एकदा फोन बंद करून सुरू करणं याने हल्लेखोराचं काम वाढतं. आयफोन असेल आणि तुमचं काम धोक्याचं असेल, तर त्यातला लॉकडाउन मोड सुरू ठेवावा.

त्याहून जवळचा धोका घरातला आहे. नवरा, प्रियकर किंवा एखादा नातेवाईक पाच मिनिटं फोन हातात घेतो आणि पाळतीचं अ‍ॅप टाकून परत देतो. त्यासाठी इस्रायलहून काही आणावं लागत नाही. न बोललेल्या ठिकाणांची त्याला माहिती असेल, मैत्रिणीला लिहिलेलं त्याला शब्दशः ठाऊक असेल, तर संशय घ्यावा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ची परवानगी कुठल्या अ‍ॅपला दिली आहे ते पाहता येतं. बाईच्या इंटरनेट वापरावर किंवा संदेशांवर अशी नजर ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 प्रमाणे पाठलागाच्या गुन्ह्यात मोडतं. अ‍ॅप सापडलं तर घाईने काढून टाकू नका. काढल्याचं त्याला लगेच कळतं, आणि मारहाण करणारा माणूस त्या वेळी जास्त धोकादायक होतो. शिवाय पुरावाही जातो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून मदत मागा, पडद्याचे फोटो त्याच दुसऱ्या फोनने काढा आणि स्वतः सुरक्षित जागी पोचल्यावर तक्रारीसोबत तो फोन तसाच पोलिसांकडे द्या.