डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याने एक व्हिडिओ धाडला. अमेरिकेतल्या कुठल्याशा शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली एक जुनी मसल कार (दणकट इंजिनाची वेगवान अमेरिकी गाडी), आणि अठरा मिनिटांत घासूनपुसून, रंगवून तीच गाडी नवरीसारखी उभी. खाली प्रश्न होता: "मामा, मग तुम्ही दोघं तीन वर्षं करताय काय?"

मी डेट्रॉइटजवळ राहतो. 'आम्ही दोघं' म्हणजे मी आणि माझे शेजारी, टूल-रूममधून निवृत्त झालेले सत्तरीतले गृहस्थ. त्यांच्या गॅरेजात १९६७ची फोर्ड मस्टँग आहे. इंजिन व्ही-८, ३९० घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचं. (मस्टँग ही 'पोनी कार', म्हणजे आटोपशीर, स्पोर्टी गाडी, खरी मसल कार म्हणजे १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओच्या घराण्यातली, असं कट्टर लोक बजावतात. ३२० अश्वशक्तीचं धूड समोर घरघरत असताना हा वाद घालायला छाती लागते.) ते इंजिन तीन आठवड्यांत सुरू झालं. बाकी सगळा वेळ पत्र्याने खाल्ला.

व्हिडिओतला माणूस गंज जिथे दिसतो तिथे घासत होता. गडबड तिथेच आहे. पाणी आणि हवा जिथे जास्त, तिथे लोखंड जास्त गंजतं असं आपण शाळेपासून धरून चालतो. पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे खरंच. पण पत्र्याला भोक पडतं ते बहुधा प्राणवायू जिथे सगळ्यात कमी पोचतो तिथे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही छापण्यातली चूक वाटली होती.

आधी मिठाचं सांगतो. डेट्रॉइट शहराच्या पोटात, ११०० फुटांहूनही खोल, मिठाची खाण आहे. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. १९१०मध्ये खाणीची विहीर त्या थरापर्यंत पोचली. तेच मीठ आज हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात. म्हणजे ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराच्या तळघरात मोटारींचा काळ भरून ठेवलेला. कोकणातल्या माणसाला खाऱ्या वाऱ्याची करामत सांगायला नको. इथे ते मीठ वाऱ्याने येत नाही, चाकाखालून चिखलासारखं पत्र्याच्या प्रत्येक सांदीत फेकलं जातं.

आता एक थेंब. स्वच्छ पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. केंब्रिजच्या युलिक एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात नेमका हाच प्रयोग करून दाखवला, आणि माझ्या मते गंजाबद्दल माणसाला कळलेली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. त्या पाण्यात दोन द्रव्यं मिसळायची: लोखंड विरघळायला लागलं की निळं होणारं पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि अल्कली तयार झाली की गुलाबी होणारं फिनॉल्फथॅलिन, जे आपण दहावीच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं असतं. सुरुवातीला थेंबाखाली निळे-गुलाबी ठिपके इकडेतिकडे उमटतात. थोड्या वेळाने चित्र स्थिरावतं. मधोमध निळा गोल, कडेला गुलाबी कडं, आणि दोघांच्या मध्ये तपकिरी गंजाची चकती.

हे का होतं? पाण्यात विरघळलेला प्राणवायू थोड्याच वेळात वापरून संपतो. थेंबाची कड पातळ, त्यामुळे तिथे हवेतून नवा प्राणवायू झटकन पोचतो. मध्यभागी पाण्याचा थर जाड, तिथे तो उशिरा आणि थोडा पोचतो. आता लोखंडाचा अणू पाण्यात उतरताना दोन इलेक्ट्रॉन पत्र्यातच सोडून जातो. ते इलेक्ट्रॉन कुणीतरी उचलायला हवेत, नाहीतर व्यवहार थांबेल. उचलणारा असतो प्राणवायू, आणि तो आहे कडेला. म्हणून इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे धावतात, तिथे प्राणवायू आणि पाणी त्यांना घेऊन अल्कली बनवतात, आणि अल्कलीमुळे कडेचं लोखंड उलट सुरक्षित होतं. मधलं लोखंड मात्र विरघळत राहतं. पोटात काहीच पडत नाही आणि तरी पंगतीचं बिल भरायचं, अशी त्याची गत. एकाच पत्र्यावर, एकाच थेंबाखाली, एक बॅटरी तयार झालेली असते. दोन धातू लागले नाहीत. प्राणवायूच्या वाटपातली विषमता पुरली.

विरघळलेलं लोखंड आणि कडेची अल्कली वाटेत भेटतात तिथे गंज साका होऊन बसतो. म्हणजे गंज धातूच्या जखमेवर खपली धरत नाही, जखमेपासून थोडा दूर पडतो. ॲल्युमिनियमचा गंज जागच्या जागी घट्ट बसतो म्हणून ते वाचतं. लोखंडाचं नशीब तसं नाही. मीठ यात आणखी तेल ओततं. एक तर त्याने पाण्याची वीजवहनक्षमता वाढते. दुसरं म्हणजे त्यातले ऋणभारित क्लोराइड, धनभारित लोखंड जिथे उतरतंय त्या खड्ड्याकडेच ओढले जातात. तिथे पाण्याशी प्रक्रिया होऊन चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि आम्ल पुन्हा लोखंड विरघळवतं. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, मला मात्र राहवत नाही. फॅरडेच्या नियमाने हिशोब केला तर १ अँपियरचा प्रवाह वर्षभरात सुमारे ९ किलो लोखंड विरघळवतो. गाडीच्या पत्र्यात अर्थातच असे अँपियर वाहत नाहीत. पण दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपियर धरा, म्हणजे अँपियरचा एक लाखावा भाग. तेवढ्याने वर्षाला ०.१२ मिलिमीटर पत्रा जातो. मस्टँगचा पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपास. आठ वर्षांत आरपार. आणि यात आणखी एक मेख आहे. खाल्ली जाणारी जागा छोटी आणि प्राणवायू पिणारी जागा मोठी असेल, तर सगळ्या मोठ्या जागेची भूक छोट्या ठिकाणी एकवटते. म्हणून फक्त सडलेल्या ठिपक्यावर रंग मारायचा आणि शेजारचा उघडा पत्रा तसाच ठेवायचा, हा उपाय रोगापेक्षा वाईट. त्या रंगाला एक चरा गेला की सगळा प्रवाह त्या चऱ्यातून.

आता हा थेंब गाडीत शोधा. १९६०च्या दशकातल्या मस्टँगची सांगाडा-चौकट वेगळी नसते. पत्रेच एकमेकांना स्पॉट वेल्डने जोडून सगळी गाडी उभी केलेली. दोन पत्रे एकमेकांवर टेकले की मध्ये केसाएवढी फट राहते. पाणी केशाकर्षणाने आत शिरतं आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. फटीचं तोंड म्हणजे थेंबाची कड, आतला भाग म्हणजे थेंबाचा मध्य. बाहेरून रंग शाबूत, आतून पत्रा चाळण. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून तो फटीत फुगत पत्रे एकमेकांपासून ढकलतो. दोन वेल्डच्या मधल्या भागाला उशीसारखा फुगवटा दिसला की समजावं, आत काम चालू आहे.

मस्टँगचं कुप्रसिद्ध ठिकाण म्हणजे काउल. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यातून केबिनला हवा मिळते, आणि हवेबरोबर पावसाचं पाणीही आत येतं. ते खालच्या पत्र्यावर पडून दोन्ही बाजूंनी निघून जावं अशी योजना. हवा आत न्यायला त्या पत्र्यात टोपीसारखी उभी नळकांडी आहेत. त्यांच्या बुडाशी पानं, पाइनच्या सुया, माती साचते, आणि ते ओलं खत महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून बसतं. शेजाऱ्यांनी गाडी घेतली तेव्हा मालकाने सांगितलं होतं, "पावसात चालवाल तेव्हा बूट घाला." विनोद नव्हता. पाणी थेट पायांवर गळायचं.

काउल उघडायचा म्हणजे वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून पोकळ ड्रिलने कापायचे. एकेक वेल्ड म्हणजे पेन्सिलच्या जाडीचा ठिपका, आणि असे शंभरेक. खालचा पत्रा वाचवायचा असल्याने ड्रिल वरचा पत्रा संपताच थांबलं पाहिजे. शेवटी पत्रा उचलला तेव्हा आतून कंपोस्टचा वास आला आणि उंदराचं एक जुनं घरटं निघालं. शेजाऱ्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नळकांड्याच्या बुडाशी नुसतं टेकवलं. ते पापड मोडावा तसं आत गेलं.

यावर उपाय एकच: चकचकीत, पूर्ण जाडीचा धातू लागेपर्यंत कापत जायचं आणि तिथे नवा पत्रा जोडायचा. त्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या कांबी ठोकाव्या लागतात, नाहीतर कापलेली गाडी आपल्याच वजनाने वाकते आणि मग दारं बसत नाहीत. वेल्डिंग मी हौसेने मागून घेतलं. मागच्या मडगार्डच्या पत्र्यावर वीतभर जोड एका दमात ओढला आणि मागे सरून पाहिलं, तर पत्र्यावर लाटा. पोलादाची दहा सेंटिमीटरची पट्टी ८०० अंशांनी तापली तर साधारण १ मिलिमीटर वाढू पाहते. आजूबाजूचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून मऊ झालेला धातू जागच्या जागी दबून जाडावतो. थंड होताना मात्र तो आकसतो, आणि शेजारच्या पत्र्याला ओढून घेतो. म्हणून शिंप्यासारखं काम करायचं: इथे एक टाका, मग वीतभर लांब दुसरा, हात लावून गार झाल्याची खात्री, मग तिसरा. गंमत म्हणजे पोचा पडून ताणलेला पत्रा आवळायला हीच चूक मुद्दाम करतात. ठिपकाभर जागा लाल करायची, मागे डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने हलकेच ठोकायची, गार होऊ द्यायची. ताण निघून जातो.

त्याच मडगार्डवर पूर्वी कुणा डेंटिंगवाल्याने पोचा काढण्याचे कष्ट न घेता लांबी, म्हणजे पुट्टी, भरून ठेवली होती. लोहचुंबक तिथे चिकटेना. ग्राइंडर लावला तर बोटभर जाडीचा थर निघाला. ही लांबी म्हणजे पॉलिस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत ती उत्तम वस्तू आहे. पण ती ओल शोषते, आणि गंजावर भरली तर तिच्याखाली एव्हान्सचा थेंब कायमचा मुक्कामाला येतो.

बाजारात गंज 'पालटून' टाकणारे द्रव मिळतात. काहींत टॅनिक आम्ल असतं. लोखंडी कढईत आवळा काळाठिक्कर पडतो तीच ही क्रिया. काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, ते लोहाच्या फॉस्फेटचा पातळ थर मागे ठेवतं. पातळ, घट्ट गंजावर दोन्ही चालतात. पापुद्र्यांवर आणि फटीत नाही, कारण तळापर्यंत पोचतच नाहीत. फॉस्फेटवरून आठवलं, दिल्लीच्या लोहस्तंभाबद्दल 'प्राचीन ऋषींचं लुप्त तंत्रज्ञान' असा मजकूर दर दोन महिन्यांनी आमच्या ग्रुपवर फिरतो. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर बसला, हे आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं आहे. त्या लोहारांचं कौतुक करायला एवढं पुरेसं आहे, मंत्र कशाला हवेत?

तशीच दुसरी भोंदूगिरी आधुनिक आहे. बॅटरीला जोडायची एक डबी, जी म्हणे गाडीभर 'विद्युत कवच' धरते. जहाजांना आणि जमिनीखालच्या नळांना प्रवाह देऊन खरंच वाचवतात, पण तिथे समुद्र किंवा ओली माती मंडल पूर्ण करते. गाडीभोवती हवा असते, आणि हवेतून आयन वाहत नाहीत. त्या पैशात पत्र्यावर फवारायच्या गंजरोधक मेणाचे चार डबे येतात.

आम्ही मेणच वापरलं. टेकणाऱ्या पत्र्यांवर आधी जस्ताचा प्रायमर, कारण जस्त लोखंडाच्या आधी स्वतः विरघळतं. मग वेल्ड, इपॉक्सी प्रायमर, सांध्यांत सीलर, आणि शेवटी लांब नळीने पोकळ जागांत मेण.

परवा काउलची परीक्षा घेतली. गाडीच्या आत पाय ठेवायच्या जागी वर्तमानपत्र पसरलं आणि मी जाळीत बादलीभर पाणी ओतलं. दोन्ही बाजूंनी, मडगार्डच्या खालून, धार पडली. दुसरी बादली. कागद कोरडा. शेजारी खुश होऊन टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग आतून आवाज आला, "इकडे ये. मागच्या चाकावरच्या जोडाला उशी आलीय."