औषधशोध आणि टॉक्सिकॉलॉजी एकाच मास्टर्समध्ये कसे आले: थोडी पार्श्वभूमी

कॉम्प्युटेशनल ड्रग डिस्कव्हरीच्या कुठल्याही मास्टर्सचा सिलॅबस आज उघडला तर त्यात टॉक्सिकॉलॉजीचा एखादा पेपर सापडतोच. पूर्वी असं नव्हतं. डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनच्या खाचेत कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघणं) आणि सिम्युलेशन केमिस्ट्रीवाल्यांकडे, विषारीपणा प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्यांकडे, आणि दोन्ही मंडळींचा एकमेकांशी संबंध फार तर कॅन्टीनपुरता. आता जे एकत्र शिकवतात ते विज्ञानाच्या ओढीने एकत्र आलं असं सांगायला बरं वाटतं, पण खरं बघितलं तर ते नियमांनी आणि फसलेल्या औषधांनी एकत्र आणलं.

गंमत म्हणजे मूळ एकच होतं. १९०० च्या आसपास दोन संशोधकांना वेगवेगळं काम करताना एकच गोष्ट दिसली, की पदार्थ पाण्यापेक्षा ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो तितकी त्याची गुंगी आणायची ताकद जास्त. आता ही गुंगी औषधात धरायची की विषात? दोन्हीत. १९६० च्या दशकात याच तेल-पाण्याच्या हिशोबावर क्यूसार (रेणूच्या रचनेवरून त्याचा परिणाम गणिताने सांगायची पद्धत) उभं राहिलं, आणि त्याचा १९६२ मधला गाजलेला पेपर औषधांवर नव्हताच, वनस्पतींच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनांवर होता.

मग वाटा फुटल्या. १९७१ मध्ये प्रोटीन स्ट्रक्चरची सार्वजनिक बँक अवघ्या ७ स्ट्रक्चर्सवर सुरू झाली, १९८२ मध्ये पहिला डॉकिंग प्रोग्राम आला, १९८९ मध्ये एचआयव्हीच्या प्रोटीएज या एन्झाइमचं स्ट्रक्चर मिळालं आणि १९९५ मध्ये त्यावरचं पहिलं औषध बाजारात. या सगळ्यात एक झगमगाट होता, रंगीत प्रोटीनच्या खाचेत रेणू बरोबर बसलेला दिसतो म्हटल्यावर पैसा आणि विद्यार्थी दोन्ही तिकडेच जाणार. टॉक्सिकॉलॉजीकडे दाखवायला असं चित्र नव्हतं. माझ्या मते आजही सिलॅबसमध्ये डॉकिंगला जेवढे तास मिळतात ते त्याच्या उपयोगापेक्षा या झगमगाटामुळे जास्त मिळतात.

वळण आलं नव्वदीत. १९९१ च्या सुमारास माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचून फेल होणाऱ्या औषधांपैकी साधारण ४० टक्के शोषण, चयापचय वगैरे कारणांनी पडत होती. २००० पर्यंत हा आकडा १० टक्क्यांच्या खाली आला, कारण कंपन्या हे गुण आधीच तपासायला लागल्या, १९९७ चा पाचाचा नियम (तोंडाने घेतलेलं औषध शरीरात शोषलं जाईल का याचा ढोबळ ठोकताळा) त्याच हवेतला. एक कारण मागे सरकलं तसा विषारीपणा पुढे आला. त्यातच टर्फेनाडिनचं प्रकरण. ॲलर्जीचं साधं औषध, एरवी लिव्हरमध्ये जवळजवळ सगळं बदलून जायचं, पण सोबत एखादं अँटीफंगल घेतलं की ते बदलणं अडायचं, मूळ औषध रक्तात साचायचं, हृदयातला एचईआरजी नावाचा पोटॅशियम चॅनल बंद पाडायचं आणि ठोके बिघडायचे. नव्वदीच्या शेवटी ते बाजारातून गेलं, आणि त्याचा लिव्हरमध्ये बनणारा पदार्थ फेक्सोफेनाडिन हाच नवीन औषध म्हणून आला. २००० मध्ये सिसाप्राइडही याच चॅनलपायी अमेरिकेच्या बाजारातून बाहेर पडलं. यानंतर मॉडेलिंगवाल्यांना असंही प्रोटीन मिळालं ज्यात रेणू बसू नये म्हणून डॉकिंग करायचं. एचईआरजीचं खरं स्ट्रक्चर मात्र २०१७ मध्ये आलं, तोवर दुसऱ्या चॅनलच्या साच्यावर बेतलेली मॉडेल्स वापरत होते.

नियमांची बाजू वेगळीच चालली होती. २००४ मध्ये क्यूसार मॉडेल नियामकापुढे ठेवायचं तर काय काय हवं याची पाच तत्त्वं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली: नेमका एंडपॉइंट (मॉडेल कोणता परिणाम सांगतं ते), स्पष्ट अल्गोरिदम, मॉडेल कुठे लागू होतं त्याची हद्द, अचूकतेची योग्य मोजमापं, आणि शक्य असेल तर यंत्रणेचा खुलासा. ते 'शक्य असेल तर' घातलं नसतं तर आजची अर्धी डीप लर्निंग मॉडेल्स दारातच अडली असती. युरोपात २००७ पासून रसायनांचा नवा कायदा लागू झाला आणि २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला बंदी आली, म्हणजे पर्यायी पद्धती ही गरजच झाली.

पण खरा वादाचा निर्णय २०१४ चा, औषध नियामकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची एम७ गाइडलाइन. यावर थोडं थांबायला हवं, कारण नोकरीत गेल्यावर विद्यार्थ्यांची गाठ याच्याशीच पडते आणि वर्गात हे एका स्लाइडमध्ये उरकतात. विषय इम्प्युरिटीचा. औषध बनवताना मागे राहिलेला किंवा राहू शकणारा एखादा रेणू डीएनएत म्युटेशन करतो का? तसा संशय असेल तर आयुष्यभर घ्यायच्या औषधात तो दिवसाला १.५ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही. उत्तरासाठी सत्तरीपासूनची बॅक्टेरियावरची एम्स टेस्ट होतीच. एम७ ने म्हटलं, एकमेकांना पूरक अशी दोन क्यूसार मॉडेल्स चालवा, एक तज्ज्ञांच्या नियमांवर बेतलेलं आणि दुसरं स्टॅटिस्टिकल, दोन्हींनी काही नाही म्हटलं तर इम्प्युरिटी साधी समजा, टेस्टची गरज नाही. म्हणजे कॉम्प्युटरचा नकार प्रयोगाच्या जागी चालेल.

आक्षेप लगेच आले, आणि ते पोकळ नव्हते. पहिला असा, की दोन मॉडेल्स वेगळी म्हणायची पण दोघांचा डेटा बऱ्याच अंशी त्याच सार्वजनिक एम्स निकालांतून आलेला, मग दोघांचं एकमत म्हणजे दोन साक्षीदार कसे? दुसरा आक्षेप गप्प राहण्याचा. बोरॉनिक ॲसिडं सुझुकी कपलिंग या रेणू जोडायच्या रिॲक्शनमध्ये सर्रास वापरतात, त्यामुळे औषधात त्यांचा अंश राहू शकतो, आणि २०११ मध्ये त्यांतली बरीचशी एम्समध्ये पॉझिटिव्ह असल्याचा पेपर आला. त्याआधी मॉडेल्सकडे या वर्गाचा डेटाच नव्हता, तेव्हा ती 'अलर्ट नाही', म्हणजे धोक्याची खूण नाही, म्हणाली तर ते निर्दोष असल्याचं सर्टिफिकेट होतं की नुसतं अज्ञान? पुढे एम७ च्या प्रश्नोत्तरांच्या पुरवणीत स्पष्ट केलं की मॉडेलच्या हद्दीबाहेरचा रेणू असेल तर तेवढ्यावर नकारार्थी निष्कर्ष काढता येत नाही, अजून तपासणी लागते. तिसरा आक्षेप तज्ज्ञांच्या रिव्ह्यूवर. गाइडलाइन म्हणते की मॉडेलचा निकाल तज्ज्ञ तपासू शकतो, जसं की ॲरोमॅटिक अमाइनचा (रिंगला जोडलेल्या नायट्रोजनच्या गटाचा) अलर्ट वाजला पण त्याच रिंगवर सल्फोनिक ॲसिडचा गट असेल तर धोका सहसा राहत नाही, हे मॉडेलला कळत नसेल तर माणसाने सांगायचं. पण अलर्ट कोणाला नको असतो? कंपनीला. आणि तज्ज्ञ कोणाचा असतो? बहुतेक वेळा कंपनीचाच.

इतकं असूनही निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. एक कारण असं की एम्स टेस्ट दोन लॅबमध्ये केली तर निकाल साधारण ८५ टक्के वेळाच जुळतात, म्हणजे मॉडेल्सना ज्या प्रयोगाशी ताडून बघतो तोच पूर्ण स्थिर नाही. ९५ टक्के अचूकता दाखवणारा थीसिस आला की आधी संशय यायला हवा, कारण बहुधा ट्रेनिंग आणि टेस्ट सेटमध्ये एकमेकांसारखे भावंडं रेणू शिरलेले असतात. दुसरं कारण व्यवहाराचं, एम७ मुळे कंपन्यांना केमिस्ट्री, टॉक्सिकॉलॉजी आणि मॉडेल तिन्ही वाचता येणारी माणसं लागायला लागली, एकाच फाइलवर सही करणारी. संयुक्त मास्टर्सना त्यामुळे जे बळ मिळालं ते कुठल्या नोबेलने दिलं नसतं.

पुढचं सगळं अलीकडचं आणि वाचकांना ओळखीचं. २०१४ मध्येच बारा टॉक्सिसिटी चाचण्यांच्या डेटावर खुली स्पर्धा झाली आणि डीप लर्निंगने ती मारली, तिथून पायथॉन सिलॅबसमध्ये पक्कं झालं. २०२१ मध्ये अंदाजाने काढलेल्या प्रोटीन स्ट्रक्चर्सचा खजिना उघडला, त्याला २०२४ चं नोबेल. २०२२ मध्ये एका छोट्या कंपनीने विषारीपणा टाळण्यासाठी बनवलेलं, नवे रेणू सुचवणारं जनरेटिव्ह मॉडेल मुद्दाम उलटं चालवून बघितलं तर सहा तासांच्या आत ४०,००० घातक रेणूंची यादी आली, त्यात व्हीएक्स हा रासायनिक शस्त्रातला नर्व्ह एजंटही. हे वर्गात सनसनाटी किस्सा म्हणून सांगतात, पण त्यात साधी गोष्ट अशी आहे की विषारीपणाचं मॉडेल दोन्ही दिशांना चालतं.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने औषधांसाठी प्राणीचाचण्यांची सक्ती कायद्यातून काढली. बंदी नाही घातली, सक्ती काढली, हा फरक ॲडमिशनच्या ब्रोशरमध्ये बरेचदा गाळलेला दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने प्राणीचाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करायचं जाहीर केलं तेही मोनोक्लोनल अँटीबॉडी या मोठ्या प्रोटीन औषधांपासून, जिथे आपलं छोट्या रेणूंचं क्यूसार जवळपास कामाचं नाही.

आणि लिव्हरचा प्रश्न तसाच राहिलाय. ब्रोम्फेनाक १९९८ मध्ये, ट्रोग्लिटाझोन २००० मध्ये लिव्हरपायीच अमेरिकेच्या बाजारातून गेली, तरी लिव्हरला इजा करणाऱ्या औषधांच्या वेगवेगळ्या याद्या घेतल्या तर तेच औषध एकीत धोकादायक आणि दुसरीत ठीक असं मिळतं, म्हणजे पाचातलं पहिलं तत्त्वच, नेमका एंडपॉइंट, तिथे कोलमडतं. एम्सचा २००९ चा साडेसहा हजार रेणूंचा डेटासेट मात्र तयार मिळतो, हो-नाही एवढंच लेबल. चार महिन्यांत प्रोजेक्ट संपवायचा असलेला विद्यार्थी काय निवडणार हे उघड आहे, आणि गाइडही तेच सुचवतात.