प्लग काळा का पडायचा? स्पार्क प्लगची पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी १९८०-९० च्या काळात टू-स्ट्रोक स्कूटर होती त्यांना डिकीतला प्लग पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि कागदात गुंडाळलेला जादा प्लग वेगळा सांगायला नको. प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग. गाडी मिसिंग करायला, म्हणजे मध्येमध्ये अडखळायला लागली की पहिला हात प्लगला जायचा आणि आजही बरेच जण तेच करतात. पण माझं म्हणणं असं आहे की प्लगला जेवढे दोष दिले गेले त्यातले फार थोडे त्याचे स्वतःचे होते. पेट्रोलमध्ये काय मिसळलंय, ऑइल कुठलं ओतलंय, कॉइलमधून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीतून) करंट कसा येतोय, हे सगळं शेवटी प्लगच्या टोकावर दिसतं, त्यामुळे प्लग का खराब होतो या प्रश्नाचं उत्तर दर पंधरावीस वर्षांनी बदलत गेलंय.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १८६० मध्ये पॅरिसमध्ये एका बेल्जियन माणसाने गॅसवर चालणारं इंजिन केलं, त्यात ठिणगीसाठी प्लगसारखी वस्तू होती. मग मध्ये बरीच वर्षं तापवलेल्या नळीने पेटवण्याची पद्धतही चालली. खरा बदल १९०२ चा, स्टुटगार्टमधल्या बॉश कंपनीचा, हाय व्होल्टेज मॅग्नेटो (इंजिनच्या फिरण्यावर ठिणगीची वीज बनवणारं यंत्र) आणि त्याच्या जोडीला प्लग. तिथून पुढे तीस वर्षं मुख्य डोकेदुखी होती ती इन्सुलेटरची, म्हणजे करंट मधेच बॉडीला गळू न देणाऱ्या भागाची. साध्या चिनीमातीचा इन्सुलेटर तापून-गार होऊन तडकायचा, विमानाच्या इंजिनांत अभ्रकाचे थर लावून बघितले, आणि १९३० च्या दशकात ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा भाजलेला इन्सुलेटर आला तेव्हा तो प्रश्न बऱ्यापैकी संपला. आजचा पांढरा भाग तोच.

याच सुमाराला पेट्रोलमध्ये शिसं आलं. इंजिन ठोकू नये (नॉकिंग) म्हणून १९२३ पासून अमेरिकेत टेट्राइथाइल लेड घालून पेट्रोल विकायला लागले. शिशाचा ऑक्साइड जळून जात नाही, तो प्लगवर, व्हॉल्व्हवर बसतो, म्हणून त्याच्या सोबत ब्रोमिनचं एक संयुग घालावं लागलं, की शिसं वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाईल. सगळं जायचं नाहीच. शिशाचा थर काचेसारखा असतो आणि त्याचा वाईट गुण असा की गार असताना तो करंट अडवतो, तापला की वाहून नेतो. म्हणजे गाडी गॅरेजमध्ये उभी असताना प्लग एकदम ठणठणीत आणि घाटात फुल लोडवर मिसिंग. किती मेकॅनिकांनी यात नवीन कॉइल, नवीन कंडेन्सर बदलले असतील आणि गिऱ्हाइकांनी त्याचे पैसे भरले असतील, याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

आता हीट रेंज, म्हणजे प्लगचं टोक किती गरम राहतं ते. यावर जरा जास्त लिहितो कारण सगळा घोळ इथे आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे, तरच त्यावर बसलेली काजळी आपोआप जळते. पण ते ८५०-९०० च्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच त्या तापलेल्या टोकाने मिश्रण पेटतं, त्याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. हे तापमान ठरतं आतल्या इन्सुलेटरच्या नाकावर. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर जायला लांबचा रस्ता, म्हणून टोक गरम राहतं, तो हॉट प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन बॉडीतून, आट्यांतून, वॉशरमधून इंजिनच्या हेडला जाते, तो कोल्ड प्लग. म्हणून प्लग ढिला राहिला तरी तो जळतो, वॉशर नीट दाबला न गेल्यामुळे उष्णता जायला वाट राहत नाही. आणि हॉट प्लगने ठिणगी जास्त गरम पडते किंवा पिकअप वाढतो असं जे सांगतात ते साफ चूक आहे, ठिणगीचा याच्याशी काही संबंध नाही.

इथवर सगळं सोपं आहे. गोंधळ आकड्यांनी केला. बॉशच्या जुन्या जर्मन पद्धतीत टेस्ट इंजिनात प्लग किती वेळ उष्णता सोसतो त्यावरून आकडा ठरायचा, १४५, १७५, २२५, २४० असे, आणि आकडा मोठा म्हणजे प्लग जास्त कोल्ड. आपल्याकडे १९५० च्या दशकापासून बंगळूरला जे प्लग बनायला लागले त्यांच्यावर हेच आकडे होते, त्यामुळे स्कूटर-मोटारसायकलवाल्यांना १७५ आणि २२५ तोंडपाठ. पुढे बॉशनेच कोड बदलला आणि एक आकडी केला. १७५ चा झाला ७ आणि २२५ चा झाला ५. म्हणजे नुसता आकडा बदलला असं नाही तर दिशाच उलटी केली, आता आकडा लहान म्हणजे कोल्ड. आणि तेवढ्यात १९८० च्या दशकात १०० सीसीच्या जपानी गाड्या आल्या, त्यांच्या प्लगची पद्धत परत उलटी, आकडा मोठा म्हणजे कोल्ड. जर्मन ७ हा साधारण जपानी ६ च्या जागी बसतो. जर्मन ८ घेतला तर अजून हॉट, जपानी ८ घेतला तर चांगलाच कोल्ड. अमेरिकन प्लगांत पुन्हा मोठा आकडा म्हणजे हॉट.

आता विचार करा, तालुक्याच्या गावातलं स्पेअर पार्टचं दुकान, काउंटरवर तीन पद्धतींचे प्लग, आटे बहुतेकांचे तेच १४ मिलिमीटरचे, बरेचसे एकमेकांच्या जागी आरामात बसतात. दुकानदार म्हणणार हा घ्या साहेब, सेमच आहे. ज्याला जपानी सवय त्याने जर्मन प्लग घेताना कोल्ड हवा म्हणून एक आकडा वर घेतला की त्याच्या हातात हॉट प्लग आलाच. कोड बदलायचं कारण कंपनीच्या बाजूने समजू शकतं, जुने आकडे लांबलचक होते आणि श्रेणी वाढत होती. पण दिशा उलटी करायची काय गरज होती हे मला कधीच पटलेलं नाही. सगळ्या उत्पादकांनी मिळून एकच पद्धत ठरवली असती तर हजारो पिस्टन वाचले असते असं मी म्हणेन, आणि ती संधी एकदा नाही बऱ्याचदा आली होती. आजही एकवाक्यता नाही, बॉक्सवरचा आकडा बघायच्या आधी प्लग कुठल्या पद्धतीचा आहे ते बघावं लागतं.

बरं आता आपल्या टू-स्ट्रोक काळाकडे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे, १९७२ ला चेतक आली आणि पुढची पंचवीसेक वर्षं मराठी मध्यमवर्गाची गाडी म्हणजे तीच. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, फोर-स्ट्रोकमध्ये ती एक फेरा सोडून लागते, म्हणजे ५००० आरपीएमला मिनिटाला ५००० वेळा आग आणि त्यात ऑइल. कंपनी सांगायची दोन टक्के, लिटरला २० मिली. पंपावर मापट्याने सुटं ऑइल ओतलं जायचं, आणि इंजिनला चांगलं म्हणून थोडं जास्तच टाका असा आग्रह घरच्यांचाच असायचा. त्यात काही ठिकाणी टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं खास ऑइल) ऐवजी साधं इंजिन ऑइल मिळायचं. इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम-झिंकची संयुगं असतात, ती फोर-स्ट्रोकच्या चेंबरसाठी चांगली पण जळली की राख होते, आणि ती राख प्लगच्या गॅपमध्ये, म्हणजे ठिणगी जिथे उडते त्या दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत साचते. वर रॉकेलची भेसळ, जिच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी काही करत नव्हतं.

याचे दोन परिणाम व्हायचे आणि ते वेगळे आहेत, पण बोलताना दोन्हीला प्लग शॉर्ट झाला असंच म्हणायचे. पहिला म्हणजे काजळीचा ओला थर, गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या, चोक जास्त ओढणाऱ्या गाड्यांना. करंट गॅपमधून उडी मारण्याऐवजी इन्सुलेटरवरच्या काजळीवरून बॉडीला निघून जातो. दुसरा म्हणजे ब्रिज. बरेच दिवस हळू चालवलेली गाडी एकदम हायवेला फुल थ्रॉटलवर घेतली की साठलेल्या कार्बनचा, राखेचा बारीक कण सुटतो आणि बरोबर गॅपमध्ये अडकतो. गाडी कसलीही सूचना न देता बंद. प्लग काढला, कण झटकला, परत लावला, चालू. पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून सायकलवाल्यासारखा पाना फिरवणारे जे बाबा दिसायचे त्यातले बरेच या ब्रिजचे बळी.

मेकॅनिकचा ठरलेला उपाय म्हणजे एक नंबर हॉट प्लग. काजळी जळायची हे खरं, आणि गावात फिरणाऱ्या गाडीला तो चालूनही जायचा. पण तीच गाडी उन्हाळ्यात डबलसीट, मागे सामान, खंबाटकी घाट चढताना? तिथे पिस्टन सीझ व्हायची नाहीतर भोक पडायची शक्यता वाढते. ऑइल कमी करणं, कार्बोरेटर नीट लावणं हा खरा उपाय होता, त्याला वेळ लागतो आणि प्लग बदलायला दोन मिनिटं. साफ करायच्या पद्धतीही प्लगच्या मुळावर यायच्या. तारेचा ब्रश इन्सुलेटरवर फिरवला की धातूच्या रेघा उमटतात, त्याच पुढे करंटची वाट होतात. पॉलिश पेपरने इलेक्ट्रोडच्या कडा गोल होतात, आणि ठिणगीला धारदार कड लागते, गोल कडेवरून उडायला व्होल्टेज जास्त मागते. वाळू मारायच्या मशीनने प्लग चकाचक व्हायचा पण नाकाभोवती अडकलेला एक कण सिलिंडरमध्ये गेला की भिंतीवर ओरखडा.

आणि ती प्रसिद्ध टेस्ट, प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवायचा, किक मारायची, निळी ठिणगी दिसली की प्लग ओके. बाहेर साधा हवेचा दाब असतो. आत कॉम्प्रेशनमध्ये दाब कितीतरी पट, आणि दाब वाढला की तेवढाच गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. त्यामुळे बाहेर ठिणगी देणारा प्लग आत मुकाट बसू शकतो. ठिणगी नाहीच आली तर काहीतरी बिघडलंय एवढं कळतं, आली म्हणून प्लग चांगला हे कळत नाही.

पण या काळातला सगळ्यात मोठा गुन्हेगार मला विचाराल तर इग्निशन सर्किट, ज्याचं नाव कोणी घेत नाही. पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या यांत्रिक स्विचच्या जुन्या सिस्टिममध्ये व्होल्टेज हळू चढतं. हळू म्हणजे तेही सेकंदाच्या दहा हजाराव्या हिश्श्यात, पण काजळीला तेवढा वेळ पुरतो, व्होल्टेज ठिणगीपर्यंत पोचायच्या आत गळून जातं. त्यात किक मारताना फ्लायव्हील हळू फिरतं, पॉइंट झिजलेले, मग काय होणार. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कूटरना इलेक्ट्रॉनिक इग्निशन यायला लागलं. सीडीआयमध्ये (त्यातलाच एक प्रकार) व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत वर जातं, गळायला वेळच मिळत नाही. तेच पेट्रोल, तेच ऑइल, प्लगही तोच, तरीही महिनोन् महिने हात लावावा लागेना.

मग १९९५ ला चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (धूर स्वच्छ करणारं उपकरण असलेल्या) गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद. निर्णय हवेसाठी आणि मुलांच्या तब्येतीसाठी होता आणि त्यासाठी तो फार आधी व्हायला हवा होता, प्लगचा फायदा आपला वरकड. २००० च्याच धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोकचा शेवट जवळ आणला. फोर-स्ट्रोकमध्ये ओला काळा प्लग दिसला तर आता अर्थ वेगळा, ऑइल रिंगमधून किंवा व्हॉल्व्ह सीलमधून वर येतंय. तिथे प्लग बदलत बसणं म्हणजे नुसते पैसे घालवणं.

२००३ ला आकुर्डीच्याच कंपनीने एका सिलिंडरला दोन प्लगची मोटारसायकल काढली आणि त्याच्या पेटंटवरून दक्षिणेतल्या कंपनीशी भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन प्लगची कल्पना विमानांच्या इंजिनांत फार जुनी, छोट्या मोटारसायकलमध्ये ती बसवणं हे वेगळं काम होतं. कोर्टाच्या तपशिलात इथे जात नाही. सीएनजीने मात्र प्लगचं आयुष्य खरंच बदललं. मुंबईच्या जुन्या टॅक्स्या कोर्टाच्या आदेशाने गॅसवर गेल्या, मागोमाग रिक्षा. गॅस स्वच्छ जळतो, काजळी जवळजवळ नाही, म्हणून लोकांना वाटतं प्लग जास्त टिकेल. पण गॅसच्या मिश्रणातून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, इलेक्ट्रोड लवकर झिजतो, गॅप वाढत जातो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर एकदम नीट, असं असेल तर आधी गॅप मोजा.

आता सगळीकडे हेच चाललंय. काळा प्लग कमी दिसतो, झिजलेला जास्त. निकेलऐवजी प्लॅटिनम, इरिडियमची बारीक टोकं आली, इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळतं आणि झिजतं फार हळू, त्यामुळे कारमध्ये लाखभर किलोमीटरच्या गोष्टी बोलल्या जातात. पण साधा निकेलचा प्लग असेल तर गॅप गुपचूप वाढत राहतो, बघितलं तर टोक स्वच्छ, तपकिरी, दिसायला उत्तम. वाढलेल्या गॅपसाठी कॉइलला दरवेळी जास्त व्होल्टेज काढावं लागतं, आणि एक दिवस कॉइलचं इन्सुलेशन फुटतं, पावसाळ्यात तर लवकरच. मग हजारोंची कॉइल बदलली जाते, जुना प्लग दिसायला चांगला म्हणून परत बसवला जातो, आणि काही महिन्यांनी नवी कॉइल पण जाते.