तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचं औषध

रक्ताच्या कर्करोगासाठी बोनमॅरो ट्रान्सप्लांट ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘शरीरानं ते स्वीकारलं नाही तर?’ मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल ऐकलेलं असतं, त्यातून ही धास्ती येते. इथं मोठा धोका उलट्या दिशेनं येतो. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या पिशवीतून दात्याच्या टी-पेशीही, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढवय्या पांढऱ्या पेशीही येतात आणि त्यांना रुग्णाचं शरीरच परकं वाटतं. त्वचा, आतडी आणि यकृतावर त्या तुटून पडतात. यालाच जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) म्हणतात.

मग सगळ्या टी-पेशी आधीच काढून टाकाव्यात का? पण उरल्यासुरल्या कर्करोगपेशी टिपतात त्याही टी-पेशीच आणि विषाणूंना आवर घालतात त्याही टी-पेशीच. म्हणजे फक्त चवताळलेल्या तेवढ्याच निवडून माराव्या लागणार. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी हे साधलं ते १९५९पासून वापरात असलेल्या, सायक्लोफॉस्फामाइड या स्वस्त कर्करोगविरोधी औषधानं.

सारी गंमत वेळेत आहे. पेशी चढवल्या तो दिवस शून्य. पुढच्या दोन-तीन दिवसांत ज्या टी-पेशींना रुग्णाचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, खुपतात, त्या झपाट्यानं दुप्पट-चौपट होऊ लागतात. बाकीच्या निवांत असतात. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ३ ग्रॅम औषध शिरेतून देतात. यकृतात त्याचं क्रियाशील रूप तयार होतं आणि ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडून टाकतं. विभागणाऱ्या पेशीला ते धागे सोडवावेच लागतात, म्हणून ती मरते. निवांत पेशीला दुरुस्तीला सवड मिळते. मूळपेशींकडे तर अल्डिहाइड डिहायड्रोजनेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते औषधाला विष होण्याआधीच निकामी करतं. दंगा शमवणाऱ्या नियामक टी-पेशीही याच विकराच्या जोरावर तगतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की काही चवताळलेल्या पेशी उरतात, पण नियामक पेशी त्यांना डोकं वर काढू देत नाहीत.

म्हणूनच टी-पेशी चवताळत असताना दुसऱ्या दिवशी येणारा ताप कसोटी पाहतो. दात्याचे एचएलए निम्मेच जुळणारे असतील, म्हणजे दाता आई, वडील किंवा मूल असेल, तर ताप ३९ अंशांपुढे सहज जातो. जंतू शोधायला रक्ताचं कल्चर पाठवून अँटिबायोटिक आणि पॅरासिटामॉल द्यायचं. ताप उतरवण्यासाठी स्टेरॉइड मात्र शक्यतो टाळायचं. त्यानं टी-पेशींचं विभाजन थंडावतं आणि ज्यांना मारायचं, त्याच पेशी औषधाच्या तडाख्यातून निसटतात. याच कारणानं टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पाचव्या दिवसापासून सुरू होतात.

सायक्लोफॉस्फामाइडपासून बनणारं अ‍ॅक्रोलिन मूत्राशय सोलून काढतं. त्यासाठी सलाइन आणि मूत्राशयाला जपणारं मेस्ना हे औषध देतात आणि लघवी लालसर होते का यावर नजर ठेवतात. पांढऱ्या पेशी वर यायला काही दिवस जास्त लागतात, तेवढा काळ जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूसाठी पहिले शंभर दिवस साधारण दर आठवड्याला रक्ताची पीसीआर चाचणी करतात.

२०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ४३१ रुग्ण होते. जुन्या मेथोट्रेक्सेट-टॅक्रोलिमस पद्धतीत वर्षअखेर गंभीर जीव्हीएचडी न होता आणि कर्करोग न उलटता जगणारे सुमारे ३५ टक्के, तर सायक्लोफॉस्फामाइडच्या नव्या पद्धतीत सुमारे ५३ टक्के निघाले. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एकच, आणि आता घरात भावंडंच कमी. अशा वेळी निम्म्या जुळणीचा दाता सुरक्षितपणे वापरता येणं फार मोलाचं आहे. दाता मिळेल की नाही या धास्तीनं ‘बाळाची नाळ साठवा, पुढं कॅन्सरला उपयोगी पडेल’ या जाहिरातीला भुलू नये. मुलांमधल्या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची बीजं कित्येकदा त्याच नाळेच्या रक्तात असतात.

घरी गेल्यावर तळहात, तळपाय आणि कानामागं लाल पुरळ दिसलं किंवा जुलाब लागले तर त्याच दिवशी कळवा. जुलाब भांड्यात धरून मोजा. मोठ्या माणसात दिवसाला ५०० मिलिलिटरच्या पुढं गेले की डॉक्टर आतड्याच्या जीव्हीएचडीच्या पायऱ्या मोजू लागतात. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ गुळवेलीचा काढा अजिबात देऊ नका. जी प्रतिकारशक्ती महत्प्रयासानं आवरून धरलीय, तिला डिवचायचं कशाला? शिवाय गुळवेलीनं यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली आहे. पपनसही नको, त्यानं रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं. आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या सकाळी गोळी घेऊन निघू नका. ती सोबत ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. नाहीतर आकडा फुगून येतो आणि डोस उगाच कमी केला जातो.