साहेबांचा शांत चेहरा आणि समोरच्याचा रक्तदाब

कंपन्यांमधील प्रशिक्षण शिबिरांत एक वाक्य हमखास पडद्यावर झळकते: माणसाच्या यशात बुद्ध्यांकाचा वाटा २० टक्के, तर भावनिक बुद्धिमत्तेचा ८० टक्के. हे वाक्य ज्यांच्या नावावर खपवले जाते, त्या डॅनियल गोलमन या अमेरिकी लेखकाने १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे म्हटलेलेच नाही. यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असेल आणि उरलेला भाग इतर गोष्टींचा, एवढेच गोलमन यांचे विधान होते. त्या इतर गोष्टींत माणूस कोणत्या सामाजिक वर्गात जन्मला इथपासून निव्वळ नशिबापर्यंत सारे काही येते. पुढे कोणीतरी हा सगळा उरलेला भाग एकट्या भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा केला आणि नेतृत्व-प्रशिक्षणाच्या बाजाराला आयते घोषवाक्य मिळाले.

मूळ संकल्पना मात्र पोकळ नाही. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती मांडली, तेव्हा स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या माहितीचा विचारासाठी व कृतीसाठी उपयोग करणे, अशी एक क्षमता त्यांना अभिप्रेत होती. अडचण सुरू होते ती मोजमापापाशी. २०१० साली हार्म्स आणि क्रेडे यांनी ६२ नमुन्यांची आकडेवारी एकत्र करून भावनिक बुद्धिमत्ता आणि सहकाऱ्यांना प्रेरित करणारे नेतृत्व यांचा संबंध तपासला. दोन्हींचे गुण एकाच व्यक्तीने दिलेले असत, तेव्हा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात हे सांगणारा आकडा, ०.५९ इतका घसघशीत निघाला. गुण वेगवेगळ्या व्यक्तींकडून घेतलेले असत, तेव्हा तो ०.१२ वर आला. या आकड्याचा वर्ग केला की एका गोष्टीतील चढउतारांपैकी किती हिस्सा दुसरीशी जुळतो, हे कळते. म्हणजे ३५ टक्क्यांचा हिस्सा दीड टक्क्याच्याही खाली घसरला. ज्याला आपले साहेब आवडतात तो दोन्ही रकान्यांत भरभरून गुण देतो, आणि साहेब स्वतःच उत्तरे भरत असतील तर तो आपलाच पेपर आपणच तपासण्याचा प्रकार होतो.

बोटांच्या ठशांवरून मुलांचा ‘भावनांक’, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा आकडा, सांगून पालकांकडून पैसे घेणाऱ्या चाचण्यांविषयी तर बोलायलाच नको. ठशांच्या रेषा गर्भावस्थेतच पक्क्या होतात. भावना हाताळण्याचे कौशल्य शिकता येते असे एकीकडे सांगायचे आणि तेच कौशल्य जन्मापूर्वीच्या रेषांत वाचून दाखवायचे, हा व्यवहार पत्रिका पाहण्याहून वेगळा कसा, हे त्या चाचण्या विकणाऱ्यांनीच सांगावे.

या विषयातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे संशोधन नेतृत्वाच्या पुस्तकांत अभावानेच आढळते. भावनिकदृष्ट्या प्रगल्भ अधिकारी म्हणजे राग आला तरी तो गिळून चेहरा शांत ठेवणारा अधिकारी, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच समजूत प्रयोगशाळेत तपासली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात १२० जणांना हात कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेची दृश्ये असलेली किळसवाणी चित्रफीत दाखवण्यात आली. काहींना ती नुसती पाहण्यास सांगितले होते. काहींना सांगितले होते, की आपल्याला काही वाटते आहे हे पाहणाऱ्याला कळणार नाही असे वागा. उरलेल्यांना ती तटस्थपणे, शस्त्रक्रियेतील तांत्रिक बाबींकडे लक्ष देत पाहण्याची सूचना होती. नुसती पाहणाऱ्यांच्या तुलनेत दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातील लोकांच्या चेहऱ्यावर किळस कमी दिसली. शरीरात मात्र निराळेच घडत होते. भाव दाबणाऱ्यांना वाटणारी किळस तसूभरही कमी झाली नव्हती. उलट संकटकाळी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था अधिक चेतवली गेली होती, त्वचेखालील रक्तवाहिन्या अधिक आकुंचन पावल्या होत्या. तटस्थपणे पाहणाऱ्यांना मुळात किळसच कमी वाटली आणि त्यांच्या शरीरावर असा जादा ताणही पडला नाही.

हा फरक वेळेमुळे पडतो, असे ग्रॉसचे प्रतिपादन आहे. भावना एका क्षणात पूर्ण उभी राहत नाही: आधी प्रसंग घडतो, मग त्यातील एखाद्या गोष्टीकडे लक्ष जाते, मग मन तिचा अर्थ लावते, आणि त्यानंतर हृदयाचे ठोके, स्नायू व चेहरा प्रतिसाद देतात. अर्थ लावण्याच्या टप्प्यावर हस्तक्षेप केला, तर पुढचा प्रतिसाद सौम्य होतो. तो टप्पा निसटला, की शरीर आधीच पेटलेले असते आणि चेहऱ्याला लगाम घालण्यासाठी मनाला क्षणोक्षणी स्वतःवर पहारा ठेवावा लागतो. या पहाऱ्यात लक्ष खर्ची पडते. रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी २००० साली दाखवले, की जखमी माणसांची चित्रे पाहताना भाव दाबणाऱ्यांना त्याच वेळी तोंडी सांगितलेली माहिती कमी आठवते. बैठकीत राग गिळून बसलेल्या व्यवस्थापकाच्या कानावर पडलेल्या आकड्यांचे काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

त्याहून चकित करणारा प्रयोग एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना हिरोशिमा-नागासाकीवरील बॉम्बहल्ल्यानंतरच्या परिस्थितीची चित्रफीत दाखवून तिच्यावर बोलायला बसवले होते. काही जोड्यांतील एकीला भाव दाबण्याची गुप्त सूचना होती. या जोड्यांत, ज्या स्त्रीला कसलीच सूचना नव्हती तिचाही रक्तदाब वाढला आणि दोघींत सूर जुळण्यास अडथळा आला. समोरच्याचा चेहरा काहीच सांगेनासा झाला, की ऐकणाऱ्याचे शरीरही सावध होते.

हा निष्कर्ष आपल्या कार्यालयांना जसाच्या तसा लावू नये. बटलर यांच्याच २००७ मधील अभ्यासात, आशियाई सांस्कृतिक मूल्ये अंगी बाणलेल्या स्त्रियांमध्ये भाव दाबण्याचे हे दुष्परिणाम कमी आढळले; जिथे संयम हा शिष्टाचारच असतो, तिथे गप्प चेहऱ्याचा अर्थ वैर असा लावला जात नाही. शिवाय भावना फार तीव्र असेल, तर नव्याने अर्थ लावणे कठीण जाते आणि माणसे लक्ष दुसरीकडे वळवणे पसंत करतात. त्यामुळे अप्रिय बैठकीत शिरण्यापूर्वी, राग चढायच्या आत, ‘हा उशीर निष्काळजीपणामुळे झाला की कामाचा अंदाजच चुकला होता?’ असा प्रश्न स्वतःला विचारून ठेवणे, हे बैठकीत दातओठ आवळून बसण्यापेक्षा शास्त्राला अधिक धरून आहे.

हाताखालच्या माणसाला साहेबांकडे जाताना धास्ती वाटत असेल, तर वाईट बातमी वर पोहोचत नाही. एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयांतील औषधे देताना होणाऱ्या चुका मोजल्या, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद अधिक निघाली. ही अपेक्षेच्या अगदी उलट गोष्ट होती. एडमंडसन यांचे अनुमान माहीत नसलेल्या एका निरीक्षकाने विभागांत जाऊन माहिती घेतल्यावर उलगडा झाला: त्या विभागांत परिचारिका चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या, तर इतरत्र त्या चुका दडवल्या जात होत्या. केवळ नोंदवलेल्या चुकांवरून विभागप्रमुखांचे मूल्यमापन झाले असते, तर अधिक गुण या दुसऱ्या विभागांच्या प्रमुखांना मिळाले असते.