गिझर घेताना: किती लिटरचा, कसा आणि कुठे

दुकानात आलेले बहुतेक ग्राहक २५ लिटरचाच गिझर मागतात. आम्ही आधी विचारतो, आंघोळ बादलीने की शॉवरने?

पुण्यात थंडीत नळाचं पाणी साधारण २० अंश धरा. आंघोळीला ४० अंशांचं पुरतं. गिझरमध्ये पाणी ६० अंशांपर्यंत तापलेलं असेल, तर २० लिटरच्या बादलीत त्यातलं १० लिटरच लागतं, बाकीचं थंड. १५ लिटरची अख्खी टाकी २००० वॉटच्या कॉइलवर वीस-बावीस मिनिटांत पुन्हा तापते. म्हणून बादलीवाल्या चौघांच्या घरालाही १५ लिटर पुरतो. शॉवर असेल तर मात्र २५ घ्या. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर स्वयंपाकघराच्या सिंकला छान, पण ३००० वॉटचा असूनही बादली भरायला नऊ-दहा मिनिटं घेतो.

आता स्टार. कॉइल जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करते, एक स्टारची असो वा पाच. फरक आहे तो टाकी उष्णता किती धरून ठेवते यात. नुसत्या उभ्या टाकीतून २४ तासांत किती युनिट वाया जातात, त्यावर स्टार ठरतात. गिझर दिवसभर चालू राहणार असेल, तर पाच स्टारच घ्या. आंघोळीपुरताच लावून बंद करत असाल, तर बिलात फरक थोडाच पडेल. तेव्हा तो पैसा चांगल्या टाकीत घाला, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

विशेषतः बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर. जड पाण्याचा क्षार कॉइलवर बसतो आणि कॉइल जळते. आतून काचेचा थर दिलेली (ग्लासलाइन्ड) टाकी घ्या आणि टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड दर वर्षी तपासून घ्या. तो झिजतो, झिजण्यासाठीच असतो. संपल्यावर बदलला नाही, तर टाकी गंजायला लागते.

जागा असेल तर उभाच गिझर बसवा. आडव्यात थंड-गरम पाणी लवकर मिसळतं. नळापासून लांबही नको: अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपच्या दहा मीटरमध्ये सव्वा लिटरच्या आसपास पाणी असतं, आणि ते दर वेळी गार होतं.

१६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग हवंच. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. पाणी प्रसरण पावतं, म्हणून. ते थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारू नका.