पैसे परत मागणं वेगळं, धोका कळवणं वेगळं

खेळण्यामुळे मुलाला इजा झाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "तक्रार करून टाक." पण कुठली? एक तक्रार आपल्या नुकसानीची असते, दुसरी त्या वस्तूची. पहिली मिटली की दुसरीही झाली, असं बहुतेक जण धरून चालतात.

पहिली ओळखीची आहे. दुकानदाराशी हुज्जत घालायची, नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा. मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, निकाल देत नाही. दवाखान्याचा खर्च, भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, मुदत २ वर्षांची. पैसे मिळाले, विषय संपला. खेळणं मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच दुकानात टांगलेलं.

दुसरी तक्रार कुणी करतच नाही, कारण तिच्यातून हातात काही पडत नाही. समजा, दिवे लागणारा एक भोवरा आहे. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही, नखाने उघडतं, आत बटणाएवढी बॅटरी. ती गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून आधी गाठायचं ते हॉस्पिटल. नंतर भोवऱ्याकडे बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. चिन्ह नसेल किंवा बनावट असेल तर तिथूनच ब्युरोकडे तक्रार करता येते.

वॉकर, पाळणा अशा खेळण्यांत न मोडणाऱ्या वस्तूंसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. सगळ्याच ग्राहकांना धोका असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. धोकादायक माल बाजारातून परत मागवायला लावण्याचा अधिकार या प्राधिकरणाला आहे; ग्राहक आयोगापुढची तुमची केस मुळात तुमच्या भरपाईची.

एकट्या घराला आपल्या मुलाची इजा निव्वळ अपघात वाटते. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने बाळांना निजवायचे सुमारे ४७ लाख 'रॉक एन प्ले' परत मागवले, तोवर ३० हून जास्त बाळं दगावली होती. नोंदी एकत्र आल्या तेव्हा कुठे दोष वस्तूकडे वळला.

खरी मेख इथे आहे: पैसे परत देताना दुकानदार वस्तू ठेवून घेतो, म्हणजे पुरावाच गेला. निदान चिन्ह, क्रमांक, तुटलेला भाग आणि खोका यांचे फोटो आधी काढा. केसपेपरवर नुसतं "बाहेरची वस्तू गिळली" असं असेल तर डॉक्टरांना सांगून "खेळण्यातली बटण बॅटरी" असं लिहून घ्या. हा कागद दोन्ही तक्रारींत कामी येतो.